लेहला उतरताना

लेहच्या विमानतळाबद्दल वैमानिकाला जी माहिती दिली जाते, तिचा गाभा एका कागदात मावतो. समुद्रसपाटीपासून उंची १०,६८२ फूट. धावपट्टी एकच, ०७-२५. म्हणजे एका बाजूने जाताना होकायंत्रावर साधारण ७० अंश आणि उलट जाताना २५० अंश. पूर्वेचं टोक उंच, पश्चिमेचं खाली. उतरायचं शक्यतो पश्चिमेकडून, चढाकडे तोंड करून. उडायचं उलट दिशेला, उतारावरून, सिंधूच्या खोऱ्याकडे. चहूबाजूंनी डोंगर. दुपारनंतर वारा. हे वाचायला दोन मिनिटं लागतात. मला समजायला काही वर्षं लागली, आणि ते समजण्याआधी मी एक वाक्य बोलून बसलो होतो.

तेव्हा मी पायदळात कॅप्टन होतो. हेलिकॉप्टरशी संबंध एवढाच, की ते रसद आणि टपाल आणायचं. २००४ चा जानेवारी. एका कोर्ससाठी खाली जायचं होतं म्हणून लेहच्या ट्रान्झिट कॅम्पमध्ये येऊन पडलो होतो. लडाखमध्ये हिवाळ्यात नोकरी केलेल्यांना त्या कॅम्पचं वर्णन करून सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात : झोजीला बंद, मनालीचा रस्ता बंद, खाली जायची एकच वाट आणि ती आकाशातून. सकाळी चारला उठायचं, सामान बांधायचं, यादीत आपलं नाव आहे ना ते बघायचं, गाडीत बसून धावपट्टीशी जायचं आणि थंडीत पाय आपटत चंदीगडहून येणाऱ्या कुरिअरची वाट बघायची. नऊ-दहाच्या सुमारास कुणीतरी येऊन सांगतो, 'आज नाही.' मग परत कॅम्प, परत बुखारी, परत रमी.

माझ्याबरोबर आमच्याच पलटणीतला एक शिपाई होता. सातारा जिल्ह्यातला, खटाव तालुक्यातला. नाव लिहीत नाही. वय असेल बावीस-तेवीस. त्याच्या वडिलांची तब्येत अत्यवस्थ असल्याचा सिग्नल आला होता आणि त्याला तातडीची रजा मिळाली होती. यादीत त्याचं नाव सगळ्यात वर टाकलेलं होतं, पण यादी माणसांची असते, हवामानाची नाही. शनिवार, रविवार, सोमवार, तिन्ही दिवस ढग. स्टोकची रांग दिसतच नव्हती.

मंगळवारी उजाडलं ते लख्ख. डोक्यावर निळंशार आकाश, बर्फावर ऊन, डोळे उघडवत नव्हते. पोरगं पहिल्यांदाच हसलं. सव्वाआठच्या सुमारास विमानाचा आवाज आला. आम्ही सगळे बाहेर येऊन माना वर करून उभे. विमान दिसलंसुद्धा. एक फेरी झाली, दुसरी झाली. मधे काही वेळ आवाज लांब गेला, परत आला. मी घड्याळ बघत होतो : पंचवीस मिनिटं. मग विमान दक्षिणेकडे वळलं आणि आवाज विरत विरत गेला तो गेलाच.

निळं आकाश, आणि विमान परत. मला इतका संताप आला, की शेजारी कोण उभं आहे याचा विचार न करता मी म्हणालो, "घाबरला पायलट."

पोरगं काही बोललं नाही. त्याने बॅग उचलली आणि गाडीत ठेवली.

बुधवारी पुन्हा ढग. गुरुवारी विमान आलं, आम्ही दोघेही त्यातूनच खाली गेलो. दिल्लीला त्याला पुण्याच्या गाडीत बसवून मी माझ्या वाटेने गेलो. नंतर कळलं ते असं : वडील गुरुवारी पहाटे गेले. संध्याकाळपर्यंत वाट बघून धाकट्या भावाने अग्नी दिला. हा शनिवारी पहाटे घरी पोचला. मंगळवारी निघाला असता तर गुरुवारी पहाटे गावात असता. हा हिशेब मी तेव्हाही केला होता आणि पुढे मेसमध्ये हा किस्सा सांगताना प्रत्येक वेळी करून दाखवला. शेवट नेहमी तोच : घाबरला पायलट.

दैव कसं असतं बघा. पुढच्याच वर्षी मी आर्मी एव्हिएशनसाठी अर्ज केला, निवड झाली आणि नाशिक रोडच्या गांधीनगरला प्रशिक्षणाला दाखल झालो. खडकवासल्याला अकादमीत तीन वर्षं काढलेली असल्यामुळे महाराष्ट्रात पुन्हा विद्यार्थी होण्यात एक वेगळीच गंमत होती. घरून चकल्या वेळेवर पोचायच्या. आणि काही वर्षांनी चीताच्या कॉकपिटमध्ये बसून मी पुन्हा लेहला हजर.

पहिल्याच आठवड्यात तो कागद हातात आला. आमचा फ्लाइट कमांडर जुना, डोंगरात केस पांढरे केलेला माणूस. तो म्हणायचा, लेहची उंची विमानतळाच्या पाटीवर लिहिलेली असते तेवढी कधीच नसते. हे जरा उलगडून सांगतो, कारण यात सगळं आलं.

लेहच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण दोन तृतीयांश. पंखाला किंवा रोटरला दाबाशी देणंघेणं नाही. त्याला हवा किती दाट आहे एवढंच कळतं, आणि हवा तापली की ती आणखी विरळ होते. या उंचीवर प्रमाण तापमान उणे सहा अंश धरतात. जुलैमध्ये पहाटे तिथे दहा अंश असेल, तर विमानाला वाटतं आपण १२,६०० फुटांवर आहोत. दुपारी पारा पंचविसावर गेला, की तेच मैदान १४,४०० फुटांचं होतं. मैदान जागचं हललेलं नाही, धावपट्टी तेवढीच आहे, पण सकाळी जे वजन उचललं ते दुपारी उचलत नाही. 'लेहची विमानं सकाळीच का?' असं मला प्रत्येक रजेत कुणी ना कुणी विचारतं. उत्तराचा निम्मा भाग हा. उरलेला निम्मा वारा. ऊन चढलं की खोऱ्यातली हवा वर सरकायला लागते आणि पश्चिमेकडून उतरणाऱ्या विमानाला तो वारा बहुधा पाठीमागून मिळतो. उतरताना पाठीवर वारा म्हणजे उतारावर ब्रेक सोडलेला ट्रक.

त्यात आणखी एक फसवणूक. विरळ हवेत वेगमापक खोटं बोलतो. खोटं म्हणजे, पंखाच्या दृष्टीने तो खरंच बोलत असतो, जमिनीच्या दृष्टीने नाही. काट्यावर १२० नॉट दिसत असतील, तर त्या जुलैच्या पहाटे विमान प्रत्यक्षात १४५ नॉटने चाललेलं असतं. म्हणजे थांबवायची ऊर्जा जवळजवळ दीडपट. धावपट्टीचं दुसरं टोक तेवढ्या लवकर येतं आणि त्यापलीकडे डोंगर आहे. धावपट्टीला चढ आहे हे त्यातल्या त्यात नशीब, पण चढाची धावपट्टी डोळ्याला फसवते. आपण आहोत त्यापेक्षा जास्त उंचावर आहोत असं वाटतं आणि नवखा माणूस नकळत खाली खाली येत जातो. पश्चिमेच्या टोकाशी स्पितुकची टेकडी, टेकडीवर गोंपा. ज्यांचं नाव आज या विमानतळाला आहे ते कुशोक बकुला रिंपोछे याच गोंपाचे. खिडकीत बसलेल्या प्रवाशाला गोंपाच्या भिंती दिसतात तेव्हा तो फोटो काढत असतो. पुढे बसलेल्याला त्या वेळी दुसरं काही सुचत नसतं.

प्रवाशाला न कळणारी अजून एक गोष्ट. मोठ्या विमानात केबिनमधला दाब साधारण आठ हजार फुटांच्या आत ठेवतात. लेह त्याच्याही वर. त्यामुळे विमान खाली येत असतं आणि केबिन मात्र 'वर चढत' असते. आणि वाटेत हिमालयावर दाब गेलाच, तर मैदानी मुलखातल्यासारखं सरळ दहा हजार फुटांवर येता येत नाही, कारण तिथे डोंगर उभे आहेत. प्रवाशांच्या डोक्यावरचा ऑक्सिजन बहुतेक विमानांत बारा-पंधरा मिनिटांचा. म्हणून कुठून कुठे पळायचं हे निघण्याआधीच आखून ठेवावं लागतं. लेहला खास प्रशिक्षण घेतलेला कॅप्टनच का लागतो, हे त्या कागदामागचे कागद वाचल्यावर कळतं.

तर एका संध्याकाळी क्रू-रूममध्ये बुखारीपाशी बसलो असताना मी माझा किस्सा फ्लाइट कमांडरला सांगितला. नेहमीच्या थाटात, शेवटच्या वाक्यासकट. तो हसला नाही. म्हणाला, "ते पंचवीस मिनिटं थांबले?"

"हो, सर."

"मग घाबरलेला नव्हता. घाबरलेला माणूस पाच मिनिटांत जातो."

त्याने सिगरेटच्या पाकिटाच्या आतला कागद काढला आणि त्यावर एक त्रिकोण काढला. दोन हजार फूट उंचीवरचं विमान, तीन अंशांचा उतार. धावपट्टीपर्यंतचं अंतर किती? मी गणित केलं : साडेअकरा किलोमीटर. "तू खाली उभा राहून सरळ वर बघत होतास," तो म्हणाला. "दोन हजार फुटांचा धुक्याचा पापुद्रा असेल, तर तू फक्त सहाशे मीटर धुक्यातून बघत होतास. तुला निळंच दिसणार. तो तिरपा बघत होता. तेच धुकं, पण साडेअकरा किलोमीटर. वर ऊन समोरून, खाली बर्फ. त्याला तुझी धावपट्टी दिसली असेल असं तुला वाटतं?"

मी गप्प.

"आणि तुला लेह दिसत होतं. त्याला लेहच्या बाहेरचं बघायचं होतं. उतरण्याचा शेवटचा टप्पा डोळ्यांनी बघूनच करायचा. खोऱ्यात शिरायचं तोंड उघडं हवं, आणि उतरणं जमलं नाही तर बाहेर पडायचं तोंडही उघडं हवं. एका ठरावीक जागेपुढे गेलं, की परत फिरायला जागा उरत नाही. ती जागा यायच्या आधी त्याला हो किंवा नाही म्हणायचं होतं."

मग इंधन. लेहला उतरता आलं नाही तर जवळपासची ठिकाणंही बहुधा त्याच ढगात. म्हणजे परत मैदानात जाण्यापुरतं इंधन टाकीत ठेवूनच वर घिरट्या घालायच्या. जास्त इंधन का नाही आणत? कारण जास्त इंधन म्हणजे जास्त वजन, आणि वजनाचं काय होतं ते वर सांगितलंच. ती पंचवीस मिनिटं म्हणजे त्याच्याजवळ होती नव्हती ती सगळी. ती त्याने आमच्यासाठी खर्च केली आणि मग गेला.

इथे जरा विषयांतर, पण लेहबद्दल लिहायचं आणि हे सांगायचं नाही म्हणजे पाप. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी इथे पहिलं विमान उतरवलं. डकोटा, केबिनमध्ये दाब राखायची सोय नाही, पंखांवरचं बर्फ घालवायची सोय नाही. शेजारी मेजर जनरल थिमय्या बसलेले. खाली धावपट्टी म्हणजे लडाखी इंजिनियर सोनम नोरबू यांनी स्थानिक लोकांना हाताशी धरून सिंधूकाठच्या वाळूत सपाट केलेला पट्टा. त्याआधी त्यावर कुणी उतरलेलंच नव्हतं, त्यामुळे माहितीचा कागद नव्हता. मी नव्या मुलांना हे सांगतो तेव्हा ते धाडसाबद्दल विचारतात. मी त्यांना सांगतो, की मेहर सिंगांनीही दिवस निवडला असणार. मे महिना, हवा स्वच्छ. जानेवारीतल्या धुक्यात तेही परतले असते, असं माझं मत. चूक असेल तर वायुसेनेतल्या मित्रांनी कान धरावा.

पुढे माझ्यावरही ही पाळी आली. पूर्व लडाखमधली एक चौकी, एका जवानाच्या फुप्फुसात पाणी भरलेलं, दिवस कलायला आलेला. आम्ही निघालो, खिंडीपर्यंत पोचलो आणि पलीकडे बर्फाचा पडदा. आत शिरलो असतो तर वळायला जागा नव्हती. रेडिओवर चौकीचा अधिकारी, आवाजावरून पंचविशीतला : "सर, यहाँ तो एकदम साफ है। सूरज दिख रहा है।" त्याचं खोटं नव्हतं. त्याच्या डोक्यावर साफच होतं. मी दोनदा प्रयत्न केला आणि परत फिरलो. रात्रभर त्यांनी त्या मुलाला ऑक्सिजनवर ठेवलं, पहाटे पहिल्या उजेडात आम्ही त्याला उचललं, तो वाचला. वाचला म्हणून मी हे सहज लिहू शकतोय. पण त्या रात्री चौकीत माझ्याबद्दल कुणीतरी काहीतरी बोललं असणार आणि काय बोललं असणार ते मला पाठ आहे.

त्यानंतर मी तो किस्सा मेसमध्ये सांगणं बंद केलं. एवढ्याने भागलं असं बरेच दिवस वाटत होतं. मेसमधल्यांचं ठीक, पण ज्याच्यासमोर बोललो होतो त्याचं काय?

गेल्या दिवाळीत रजेवर असताना गेलो. तो हवालदार होऊन निवृत्त झालाय, गावाबाहेर शेत आहे, आल्याचं पीक घेतो. फोन केला तेव्हा त्याने "साहेब, जेवायलाच या" म्हणून सांगितलं. घरी पोचलो तर कडक सॅल्यूट, मग मिठी. जेवणं झाली. मग मी विषय काढला.

"लेहला ते विमान परत गेलं होतं, त्या दिवशी मी एक बोललो होतो. आठवतं?"

"आठवतं की साहेब. पायलट घाबरला."

"ते चूक होतं."

मी त्याला सगळं सांगितलं. त्रिकोणसुद्धा काढून दाखवला, त्याच्या मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर. त्याने नीट ऐकलं, मधे दोन प्रश्न विचारले, तेही नेमके. मग थोडा वेळ वहीकडे बघत बसला.

"साहेब, मी घरी तेच सांगितलंवतं," तो म्हणाला. "सगळ्यांनी इच्यारलं, उशीर का झाला? मी म्हटलं, इमान आलंवतं, पायलट घाबरून परत गेला. आमच्या कॅप्टनसाहेबांनीच सांगितलं म्हणून. आई अजून म्हणते. कुठं इमान उडताना दिसलं तरी म्हणते." त्याने आतल्या खोलीकडे बघितलं. "तुम्हीच सांगा तिला. माझं ऐकायची न्हाई."

म्हातारी ऐंशीच्या पुढची. ऐकू कमी येतं, नजर मात्र शाबूत. पाटावर बसून शेंगा फोडत होती. मी समोर सतरंजीवर बसलो आणि मोठ्या आवाजात सांगायला लागलो. तिरपी नजर, धुकं, इंधन, परत वळायची जागा. निम्म्या गोष्टींना मराठी शब्द सापडेनात. मग म्हणालो, आजी, घाटात समोरचं दिसत नसेल आणि गाडी वळवायला जागा नसेल तर ड्रायव्हर काय करणार? घाटाच्या अलीकडेच थांबणार ना? तसं. आणि त्या गाडीला थांबतासुद्धा येत नाही. तो माणूस भित्रा नव्हता. मी तेव्हा रागात बोललो, मला काही माहीत नव्हतं.

ती शेंगा फोडत राहिली. मला वाटलं, ऐकू गेलं नसावं. मग तिने विचारलं, "मंग तो डायव्हर त्या दिशी कुठं ग्येला?"

"परत चंदीगडला गेला, आजी. सुखरूप."

"आन् त्येच्या संगटची मानसं?"

"तीही."

"बरं झालं," ती म्हणाली. दोन शेंगा फोडून दाणे सुपात टाकले. "आमचाच तेवढा ऱ्हायला."

माझ्याजवळ याला उत्तर नव्हतं. सूनबाई चहा घेऊन आल्या. म्हातारीने सूप माझ्याकडे सरकवलं, मूठभर दाणे हातावर ठेवले आणि विचारलं, घरी कोण कोण असतं.